निवडून नेलेली ज्वारी

अन्याय आमच्या वस्तीतल्या, ज्वारीची कणसं खुडायला जाणाऱ्या बायकांवर झाला. दिवाळीच्या पाडव्याला, सकाळी, मालकाच्या खळ्यावर. मी तेव्हा झरी गावाच्या बाजूला विद्यापीठाच्या नामांतराची पत्रकं वाटत हिंडत होतो. त्या साली हायब्रीड ज्वारी कणसातच भिजून काळी पडली, बुरशी धरली. मालकानं तीच मजुरी म्हणून मापून दिली. त्याच्या घरात मात्र पांढऱ्या मालदांडी ज्वारीच्या भाकरी.

आठवड्यात घरोघरी जुलाब, पोटात मुरडा. माझी मायही आडवी पडली. मी मालकाला चावडीवर गाठलं. "विष निघालं तर ज्वारी बदलून द्यायची." चार माणसांसमोर तो हो म्हणाला.

परभणीत शेतीशास्त्र शिकवणाऱ्या एका सरांकडे बुरशीचं विष दाखवणारा दिवा होता. मायला म्हणालो, "थोडी बांधून ठेव, सकाळच्या एस्टीनं नेतो."

सरांनी खोलीत अंधार केला, जांभळ्या उजेडाखाली दाणे पसरले. विषाचा दाणा हिरवट चमकतो म्हणे. एकही चमकला नाही.

सर म्हणाले, "अहो, ही तर लग्नाला निवडल्यासारखी ज्वारी! ढिगातली आणा, आहे तशी."

घरी येऊन मायला विचारलं. ती उलट माझ्यावरच तडकली.

"मग काय तर! चौघींनी बसून निवडली, राख लावून धुतली, वाळवली. शिकल्यासवरल्या मान्सापुढं काळं धान ठिवून आमची शरम काढायलास का? आधीच लोकं म्हंतेत, हे कायबी खातेत."

माझ्या पत्रकांत 'स्वाभिमान' ठळक टायपात असायचा. मायपुढं तो शब्द तोंडातून निघेना. घाण दिली मालकानं आणि लाजल्या आमच्या बाया! ते आठवलं की आजही मान वर होत नाही.

घरातली काळी बाया बाहेर नेऊ देईनात, म्हणून ढिगातली मूठभर आणायला खळ्यावर गेलो, तर खळं झाडून साफ. ढीग आडत्याकडं गेलेला.

"तुझ्याच सरांनी चांगली म्हणली की रे, पुढारी!" मालक हसला.

वस्तीनं तीच ज्वारी खाल्ली. दुसरी होती कुठं?

वाचणाऱ्या, तुझं खळं असेल तर तुझंही हेच चाललंय का बघ. काळी मापून दिली असशील तर आजच त्या दारी जा, ती परत घे आणि तुझ्या घरात शिजते ती ज्वारी तिथं नेऊन घाल.