अप्पांच्या कानातली क्लिप

आमच्या आईला कुणाचंही ताट रिकामं दिसलेलं चालत नाही. पाहुणा नको म्हणाला, की ती दुप्पट वाढते. आमच्या वडिलांच्या, अप्पांच्या, मागच्या आजारपणात गुलबर्ग्याच्या दवाखान्यात ऑक्सिजनच्या बाबतीतही तिनं तेच केलं. डाळमिलमधली धूळ खाऊन अप्पांची छाती कामातून गेलेली. त्यांना दम लागला, की आई गपचूप ऑक्सिजनची चावी फिरवून वाढवायची. अप्पा गुंगीत गेले. अशा फुप्फुसांना जादा ऑक्सिजन मानवत नाही, बाहेर पडायचा वायू आतच साचतो, जिवावर बेततं, असं डॉक्टर ओरडून सांगत होते. तेव्हा अप्पांना गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन करायची रोजची पूजासुद्धा एकट्यानं करता आली नाही. त्यांच्या तळहातावर ते लिंग ठेवून तो हात आईनंच धरला होता.

यंदा त्यांना पुन्हा भरती केलं, तेव्हा मला त्याच गुंगीची धास्ती होती. पण या खेपेला खाटेशी नवं यंत्र होतं. बोटाच्या क्लिपवरून ते रक्तातला ऑक्सिजन बघायचं आणि लागेल तेवढाच सोडायचं. आईचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता.

"अगं, कमी करायलंय की ते! माणूस दमायलाय आन् हे हात आखडायलंय!"

"आई, तू हात लावू नकोस," मी खेकसलेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र कोकलायला लागलं. "बघ, बिघडलं का न्हाई?" आई जिंकल्यासारखी उठली. बघतो तर अप्पा उठून बसलेले. डाव्या तळहातावर लिंग, उजव्या हाताला भस्म, आणि पूजेत अडथळा नको म्हणून बोटातली क्लिप काढून उशीवर ठेवलेली.

सिस्टर धावत आल्या. "अप्पा, कामून काढलाव?"

अप्पांनी नुसता तळहात दाखवला. आता बोलणी बसणार असं मला वाटलं, पण सिस्टरांनी कानाच्या पाळीला लावायची क्लिप आणून लावली. यंत्र गप झालं.

"ह्या वयात बाळी आली की वो कानात!" आई म्हणाली. अप्पा हसले आणि पुन्हा पूजेला लागले.

आईनं सवयीनं त्यांच्या तळहाताखाली धरायला आपला हात पुढे केला.

"राहू दे," अप्पा म्हणाले. "आज माझा मी धरलोय."

आई तिथंच स्टुलावर बसून रडायला लागली. मी तर आधीच रडत होते.