उतारावरचं एकुलतं इंजिन

माझे वडील यवतमाळला जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. पावसाळ्यात जिनिंग बंद, की घरी एकदाच चूल पेटायची. बारावी होऊन मी फौजेत गेलो तो पोटासाठी. नव्वदच्या दशकात पुण्यातल्या एका दारूगोळा डेपोत पोस्टिंग मिळालं. हुद्दा लान्सनाईक, काम शंटिंगचं, म्हणजे मालाच्या वॅगन एका रुळावरून दुसऱ्यावर हलवण्याचं.

डेपोचं डिझेल इंजिन छोटंसं होतं. एका कारखान्याने ते नमुना म्हणून बनवलं. ऑर्डर आली नाही, त्यामुळे दुसरं बनलंच नाही. पुढे कारखानाही बंद पडला. मॅन्युअल नाही, सुटे भाग नाहीत. मोडेल तो भाग ड्रायव्हर हवालदार शंकर माने कानशीने घासून स्वतः बनवायचे. बाहेर शहरात कॉम्प्युटरच्या कंपन्या येत होत्या. मी आत मान्यांचे हात बघत बसायचो.

"बघतो काय बी.ए., पकड इकडून."

मी बाहेरून बी.ए. करत होतो. ते त्यांनी कुणाला विसरू दिलं नाही.

बॅटरीचा भरवसा नसायचा. म्हणून माने इंजिन कायम उतारावर, चाकांखाली लाकडी गुटके लावून उभं करायचे. हे नियमात बसत नव्हतं. मेजरसाहेबांनी जाब विचारला तेव्हा शांतपणे म्हणाले, "साहेब, ही बॅटरीपण नियमात बसत नाही."

एप्रिल. दुपारी १४१० वाजता मी वायरलेस सेटवर बोललो, "कंट्रोल, यार्ड. साइडिंगला गवत पेटलंय. ओव्हर." उताराच्या तळाशी, त्याच बाजूच्या रुळावर, दारूगोळ्याने भरलेल्या नऊ वॅगन होत्या. भिंतीपलीकडे वस्ती. मान्यांनी स्टार्टर दाबला. बॅटरी मेलेली.

मी गुटके काढले. इंजिन घरंगळू लागलं. वेग आला तसा त्यांनी गिअर टाकून क्लच सोडला. हिसका बसला, काळा धूर निघाला आणि इंजिन गरजलं.

खाली वॅगन जोडल्या. शेवटच्या वॅगनचा हँडब्रेक आवळलेला होता आणि आग तिथेच होती.

"तू ओढ. मी ब्रेक सोडतो."

"उस्ताद, मी जातो."

"ऑर्डर आहे, बी.ए."

पाचच्या वर वॅगन त्या इंजिनाने कधी ओढल्या नव्हत्या. चाकं जागीच फिरली. मग मागचा ब्रेक सुटला, ओढ एकदम हलकी झाली, आणि ते एवढंसं इंजिन नऊ वॅगन घेऊन चढ चढलं. मी फक्त लिव्हर धरून होतो. आजही ते आठवलं की अंगावर काटा येतो.

पुढे इंजिन भंगारात गेलं. मी बी.ए. झालो, आमच्या घरातला पहिला. त्या दुपारी नऊच्या नऊ वॅगन बाहेर आल्या. वस्तीत कुणाला ओरखडाही आला नाही. आमचा एक माणूस गेला, भाजल्यानंतर अकराव्या दिवशी: हवालदार शंकर माने.