नोटेच्या कडेच्या पाच रेघा

इंदापूरच्या बाजारात शेळी विकायला आलेल्या त्या म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. गिऱ्हाइकाच्या गळ्यातली सोनसाखळी शेळीच्या दाव्याएवढी जाड होती. त्यानं पाचशेच्या कोऱ्या नोटा तिच्या हातावर ठेवल्या. तिनं दावं पायाखाली दाबून धरलं आणि एकेका नोटेची कड अंगठ्यानं चाचपली. सहीच्या जागी उठवायचा तोच हा अंगठा असावा. पाचशेच्या कडेला उठावाच्या पाच रेघा असतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. गव्हर्नरांचं छापील वचन वाचूनच मी नोटांवर विश्वास ठेवत आलो होतो.

एक नोट तिनं परत केली. "हिला रेघा लागंनात. दुसरी द्या."

"आजी, तुमाला दिसतंय तरी का?" तो हसला.

"न्हाय दिसत. पर शेरडी गाभण हाय का, ते हात फिरवून सांगते. ह्यो तर कागुद हाय."

त्यानं गुपचूप दुसरी दिली. तिनं तीही चाचपली, मगच पाय उचलला.

घरी येऊन मी डोळे मिटले आणि माझ्या पाचशेच्या नोटेवरून अंगठा फिरवला. मला तीनच रेघा लागल्या. डोळे उघडले, तर पाच होत्या.