तो नाटकाचा भाग होता, असं मी म्हणाले

आधीच सांगते, मी या विषयातली नास्तिक बाई आहे. लिंबू-मिरची, नजर, अंगात येणं, यातलं काहीही मी कधी मानलं नाही. त्यातून माझा उद्योग रहस्यकथा लिहिण्याचा. माझ्या कादंबरीत भूत आलं, तर शेवटी चादरीखालून कुणाचा तरी भाचा निघतो. वाचकांनाही तेच आवडतं. त्यामुळे हे लिहिताना मला फार अवघडल्यासारखं होतंय... पण कुठेतरी सांगायलाच हवं.

मी वसईला एव्हरशाईन सिटीत राहते. बँकेतून रिटायर झाल्यावर लेखन वाढलं, आणि त्याबरोबर भाषणंही. ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळं, सोसायट्यांचे गणपती... 'खून कसा करावा' असं माझ्या भाषणाचं नाव. नावावरच अर्धी गर्दी होते. भाषणाच्या शेवटी मी एक खेळ घ्यायचे. श्रोत्यांनी मला मेलेलं माणूस द्यायचं, जागा द्यायची, आणि मी उभ्या उभ्या तो खून कोणी आणि कसा केला ते रचून दाखवायचं. हा माझा हुकमी आयटम होता. टाळ्या ठरलेल्या.

मागच्या वर्षी संक्रांतीनंतर नायगावच्या खाडीकडच्या एका गावातून बोलावणं आलं. हळदीकुंकू आणि त्याला जोडून माझं भाषण. बोलावणाऱ्या जयश्रीताई तिथल्या शाळेत शिक्षिका. गाव जुनं, शेती आणि खाडीवर जगलेलं. आता पलीकडे टॉवर उभे राहिलेत, पण या बाजूला अजून बांध आहे, चिखल आहे, बगळे आहेत. समाजमंदिराच्या हॉलमध्ये दुपारी चारचा कार्यक्रम. सत्तर-ऐंशी बायका, गजरे, तिळगूळ, वाण म्हणून स्टीलच्या वाट्या. भाषण मस्त रंगलं. मग मी खेळ काढला.

"कोण मेलंय, सांगा?"

"सासू!" मागून कोणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला.

"जागा?"

एक तरुण मुलगी म्हणाली, "खाडीचा बांध." तेव्हा हशा थोडा कमी झाला. हे मला नंतर जाणवलं. तेव्हा मी माझ्याच तोऱ्यात होते. सुनेचं नाव विचारलं, तर कोणीच बोलेना, म्हणून मीच ठेवलं – मोना.

मी सुरू झाले. सासू-सुनेचं सकाळी भांडण. आवाज शेजारपाजारी गेलेला. दुपारी गाव झोपलेलं. सासू बांधावर एकटी. हॉल अगदी चिडीचूप झाला. आणि मी – हे लिहायला लाज वाटते – मला वाटलं, काय पकडलंय मी यांना! मी आवाज आणखी खाली आणला. हाताने मोनाची पावलं दाखवली. दाराजवळ, चपलांच्या ढिगाशेजारी एक बाई बसली होती. तिशीची असेल, हिरवी साडी, मांडीवर वाण तसंच. ती माझ्याकडे एकटक बघत होती. चांगला श्रोता दिसला की वक्ता त्याच्याकडेच बघून बोलतो. मी तिच्याकडे बघून म्हणाले, "मोना मागून येते..."

यानंतरचं मला आठवत नाही.

चक्कर नाही, अंधारी नाही. एखाद्या पुस्तकाचं मधलं पान फाटलेलं असावं तसं. पुढचं आठवतं ते असं की निम्म्या बायका उभ्या होत्या. ती दाराजवळची बाई तोंडावर पदर धरून हुंदके देत होती. आणि पुढच्या रांगेतली एक उंच, जाड भिंगांचा चष्मा लावलेली बाई थेट माझ्यासमोर येऊन विचारत होती, "हे तुमाला कोनी सांगितलं?"

"काय सांगितलं?"

"आत्ता बोललात ते. माझ्या आयेच्या बोलीत."

जयश्रीताईंनी माझा दंड धरला. हळूच म्हणाल्या, "मॅडम, तुम्हाला बरं वाटतंय ना? अंगात वगैरे...?"

ते शब्द ऐकले आणि माझ्यातली प्रसिद्ध लेखिका जागी झाली. सत्तर बायका बघतायत, चार मोबाईल चालू आहेत. उद्या लोक म्हणतील, रहस्यकथावाल्या बाईंच्या अंगात आलं. मी हसले. चांगलं मोकळं हसले, आणि माईकवर म्हणाले, "घाबरू नका, तो नाटकाचा भाग होता."

हॉलमधली हवा गेली. कोणीतरी "नाटक व्हतं व्हय..." म्हणालं. चष्मेवाल्या बाई मागे वळल्या, दाराजवळच्या बाईकडे बघून म्हणाल्या, "ऐकलंस ना? नाटक." आणि निघून गेल्या. त्या हिरव्या साडीवालीने पदर खाली घेतला. तिचा चेहरा... मी आयुष्यात बरेच चेहरे वर्णन केलेत. हा नाही करणार.

रिक्षात जयश्रीताईंनी सगळं सांगितलं. ती हिरव्या साडीवाली सुमन. तिची सासू दोन वर्षांपूर्वी खाडीत बुडून गेली. त्या सकाळी दोघींचं खरंच भांडण झालं होतं, गल्लीने ऐकलं होतं. पोलिसांनी अपघात म्हणून केस बंद केली, पण गावाने केली नाही. चष्मेवाल्या म्हणजे सुमनची नणंद हिराबाई. तिने सरळ म्हटलं, हिनेच ढकललं. तेव्हापासून सुमनचा नवरा राहायचा घरी, पण जेवायला बहिणीकडे. सुमनला कोणी हळदीकुंकवाला बोलवत नव्हतं. जयश्रीताईंनी हट्टाने त्या दिवशी आणली होती.

"आणि तिच्यासमोर मी..."

"तुम्हाला काय माहीत," त्या म्हणाल्या. "मीच आधी सांगायला हवं होतं. पण मॅडम, मी तुम्हाला काहीच सांगितलं नव्हतं. मग तुम्ही ते कसं बोललात?"

त्यांनी मोबाईलवर क्लिप लावली. त्यात मीच आहे. आवाज माझाच आहे, घोगरा नाही, बदललेला नाही. "मोना मागून येते" म्हणून मी थांबते, मग दाराकडे बघून अगदी रोजच्यासारखं बोलते – "सुमे, मना कोनी ढकलला नाय. निवट्या काढाला गेलती, तुना आवडतान म्हनून. पाय सरकला."

बस, एवढंच.

मी मूळची सोलापूरची. ही बोली मला बोलता येत नाही. कानावर पडते, पण दोन शब्दांपुढे मी जात नाही. सुमन हे नाव हॉलमध्ये कोणी उच्चारलं नव्हतं. आणि निवट्या म्हणजे काय, हे मी जयश्रीताईंना तिथे रिक्षात विचारलं. खाडीच्या चिखलातली छोटी मासळी, हाताने पकडतात, असं त्या म्हणाल्या. "सुमनला फार आवडतात," हेही म्हणाल्या. "भांडण झालं की म्हातारी काहीतरी तिच्या आवडीचं रांधायची. बोलायची नाही, ताटात वाढायची."

घरी नवऱ्याला सांगितलं. विलास इंजिनिअर, माझ्याहून कट्टर. तो म्हणाला, मासळीबाजारात कधीतरी ऐकलं असशील, बातमी वाचली असशील, मेंदू जोडतो. असेल. मी त्या रात्री त्यावर विश्वास ठेवला, कारण तो सोयीचा होता. पण खरी बोच वेगळीच होती. ते कुठूनही आलेलं असो – सुमनला दोन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी निर्दोष म्हटलं होतं, आणि ते मी एका वाक्यात पुसून टाकलं होतं. का? तर माझं हसं होऊ नये म्हणून.

आठवडाभर मी टाळलं. मग जयश्रीताईंना फोन केला आणि पुन्हा गावात गेले. हिराबाईंच्या ओटीवर पाच-सहा बायका जमल्या होत्या, सुमनही आली. मी उभी राहून सांगितलं, ते नाटक नव्हतं. मी काय बोलले ते मलाच माहीत नव्हतं. घाबरून, अब्रूला भिऊन मी खोटं बोलले.

हिराबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "म्हंजे त्या दिवशी खोटं बोललात, का आज बोलताय?"

रचलेल्या गोष्टी खऱ्या वाटाव्यात म्हणून मी आयुष्यभर मेहनत केली, त्या बाईने माझ्यावर का विश्वास ठेवावा?

"हिनं आनली असंल तुमाला," दुसरी एक म्हणाली.

परत निघाले तेव्हा ती कोपऱ्यापर्यंत आली. मी हात जोडले. म्हटलं, "मला माफ कर. तुझ्यासाठी आलेलं होतं ते, मी घालवलं."

ती म्हणाली, "ताई, मी ऐकलं ना. माज्यासाठी व्हतं, मला पोचलं. बाकीच्यांना पोचलं नाय, त्यात नवीन काय?" मग जरा थांबून म्हणाली, "मी दोन वर्सं हाच इचार करत व्हते, की रागानं गेली का. ती रागानं नाय गेली."

तिने मला रिक्षात बसवून दिलं. उलट मला तिनं धीर दिला. याचीही लाज वाटते.

पुढचं जयश्रीताईंकडून कळलं तेवढंच. हिराबाई अजून सुमनशी बोलत नाहीत. सुमनचा नवरा मात्र त्या क्लिपबद्दल विचारायला जयश्रीताईंच्या घरी गेला. तीन-चारदा ऐकली आणि उठला. हल्ली तो घरी जेवतो म्हणे. गल्लीत दोन तट आहेत. एक म्हणतो म्हातारी बोलली, दुसरा म्हणतो लेखिका सुमनला फितूर आहे.

मी भाषणं देते अजून, पण तो खेळ बंद केला. मध्यंतरी विरारला एका वाचनालयात फार आग्रह झाला, "मॅडम, तो खुनाचा आयटम घ्या ना." मी म्हटलं, घसा बसलाय. खरं कारण सांगायचं धाडस झालं नाही. इथेही बघा, नाव न लावताच लिहितेय.

क्लिप मी नंतर पुष्कळदा पाहिली. कारण शोधलं, अजून सापडलेलं नाही. ओळखीच्या एका डॉक्टरांनाही विचारलं. त्यांनी डोक्याच्या तपासण्या केल्या, सगळं ठीक निघालं. तुम्हाला काही सुचत असेल तर जरूर लिहा, मी वाचेन. फक्त 'बाईंनी नाटक केलं असेल' असं कोणी लिहिलं, तर माझ्याकडून उत्तराची अपेक्षा ठेवू नका. तो खुलासा माईकवरून मीच आधी देऊन बसले आहे.