यिशुनकरांचा अर्घून

सातशे वर्षांपूर्वी मेलेल्या राजांची खुशाली शेजाऱ्यांसारखी सांगणारा माणूस जगात एकच असणार, आणि त्याचंच आमच्याकडे विसरलेलं नाणं मी दिवाळीच्या निरांजनांबरोबर टूथपेस्टनं घासून लख्ख केलं. बायको म्हणाली होती, "चांदीचं सगळं घासा." टेबलावरचा काळा तुकडाही चांदीचाच निघाला. मला तर चक्क अभिमान वाटला.

हे गृहस्थ इथं सिंगापुरात यिशुन भागात राहतात म्हणून आमच्या घरात त्यांचं नाव यिशुनकर. मूळचे नागपूरचे, पेशानं इंजिनिअर, आणि दर रविवारी टॅम्पिनीसला आमच्याकडे जेवायला. खिशात मंगोल खानांची चांदीची नाणी, तोंडी त्यांच्या भानगडी. एकदा एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, फाटकात माझं कार्ड चालेना, मागे ही रांग, तर हे खुशीत म्हणाले, "इराणच्या गैखातू खानाचं असंच झालं बघा! चांदी बंद करून कागदी पैसा आणला, अन् तब्रीझचा बाजारच बसला. पुढं सरदारांनी त्यालाच संपवलं." मला मागची रांगच सरदारांसारखी दिसायला लागली. आमची कन्या तर जेवताना हात जोडून इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणायची, "अंकल, दे ऑल डाय ऑलरेडी लाह!"

पण खरा जीव अर्घूनवर. इराणवर राज्य करणारा हा मंगोल बौद्ध, आणि त्याच्या नाण्यावर एकीकडे अरबीत इस्लामचा कलमा, दुसरीकडे उइघुर लिपीत त्याचं नाव. यिशुनकरांच्या नागपूरच्या बाबांना हे पटेना. "बौद्ध राजा अन् नाण्यावर कलमा? डोळे आहेत तोवर आणून दाखव," म्हणाले. त्यांची नजर झपाट्यानं जात होती. हे नाणं यिशुनकरांनी त्यांच्यासाठीच मिळवलेलं, आणि ते घेऊनच नागपूरला निघायचं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी यिशुनकर नाणं न्यायला आले. मी ते चकचकीत पुढे केलं.

"यावरचं काळं कुठं गेलं?"

"घासलं. दिवाळी ना!"

"शेकडो वर्षं लागली होती हो ते चढायला," एवढंच ते पुटपुटले. मग खिशातून भिंग काढून खिडकीशी गेले. बऱ्याच वेळानं वळले आणि म्हणाले, "अक्षरं आहेत जागेवर, भाऊ. उलट उजळली. बाबांना आता नीट दिसतील. वहिनी, चहा टाका बरं."

ते लिफ्टनं खाली गेल्यावर मी बायकोला म्हटलं, "बघ, फायदाच झाला."

कप उचलता उचलता ती म्हणाली, "अहो, भिंग त्यांनी डोळ्याला लावलंच नाही. नुसते बाहेर बघत उभे होते."