उपवासाचं पोटात धरत नाहीत

“उपवासाचं पोटात धरत नाहीत,” असं म्हणत मामा साबुदाणा चिवड्याचं पाकीट दातांनी फोडायचे. हैदराबादेत, बरकतपुऱ्यात त्यांच्या घरावरच्या खोलीत मी भाड्याने राहायचे. तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल: साखरेचा आजार, चहा बिनसाखरेचा, आणि उपवासाला दिवसभर बटाटा, साबुदाणा.

मामा सरकारी नोकरीत. राज्याचे दोन भाग होत होते. कुणाला हैदराबादेत ठेवणार, कुणाला दुसऱ्या राज्यात पाठवणार, काही कळत नव्हतं. मामांचा जन्म इथलाच. त्यांनी नवस बोलला: इथेच राहण्याची ऑर्डर येईपर्यंत सोमवार, गुरुवार, शनिवार उपवास.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आहारशास्त्र शिकत होते, पण मोठ्यांपुढे जीभ अडखळायची. तरी एकदा पाकीट उलटं करून दाखवलं.

“साखर बघ की. नावालाच आहे,” मामा म्हणाले.

“मामा, तिच्या वरची ओळ... कार्बोहायड्रेट. अर्ध्याहून जास्त तेच आहे. त्याची पोटात साखरच होते. उरलेलं बहुतेक तेल.”

“हौ? मग उपवासाला हे चालवून घेणारा देव खुळा काय?”

“देवाला शुगर नाही ना!” मामांची बायको, आमच्या काकू, आतून म्हणाल्या.

मामा खूप हसले. हसता हसताच बोलून गेले की उपवासाला ते गोळीही घेत नाहीत. “जेवलोच नाही, तर गोळी कशाला?”

पुढे चपलेच्या पट्ट्याने अंगठ्याला फोड आला. तो सुकेना. कचेरीत रोज नवी अफवा, रस्त्यावर बंद. मामांनी मंगळवारही धरला. घरात हळदीच्या लेपाखालून वेगळाच वास येऊ लागला. मी दवाखान्याचं नाव काढलं की म्हणायचे, “नक्को घाबरू, पोरी. ऑर्डर येऊ दे, मग जेवतो, गोळ्याही घेतो.”

शेवटी काकूंनी आणि मी त्यांना रिक्षात बसवलं, तेव्हा पायावरचा काळेपणा घोट्यापर्यंत चढला होता. आधी अंगठा काढला, मग पाऊल. तोवर विष रक्तात भिनलं होतं. मामा परत आले नाहीत.

ऑर्डर नंतर आली. हैदराबादच.

काकूंनी ती देवापुढे ठेवली. “नवस पावला. उद्यापन होईपर्यंत त्यांचे वार आता मला धरायला हवेत.” शुगर काकूंनाही होती.

मग त्यांनी डब्यातून चिमटा लावलेलं अर्धं पाकीट काढलं. फोडलेली कड अजून तशीच, दातांची. त्यांनी ते उलटं केलं, चष्मा लावला आणि बारीक अक्षरांवर बोट ठेवलं.

“हीच का गं ती ओळ?”