‘येतो’ नावाची फाईल

मनोहरभाऊ गेल्याचा फोन आला, तेव्हा मी त्यांच्यावरच चिडून बसले होते. शनिवार होता, चहा दोनदा गरम करून झाला होता आणि पवनारहून यायला या माणसाला एवढा वेळ का लागतो, म्हणून मी एकटीच बडबडत होते. फोनवर त्यांची मुलगी होती. “मावशी, बाबा गेले...” मी वेड्यासारखं विचारलं, “कुठं?”

वर्ध्यात आमचा आवाजांचा छोटासा संग्रह आहे. हिंगणी, केळझर अशा गावांतल्या म्हाताऱ्या बायांची गाणी मी हिंडून हिंडून रेकॉर्ड केलेली. त्यातल्या बऱ्याच जणी आता नाहीत. त्यांचा आवाज तेवढा आमच्या एकुलत्या सर्व्हरवर आहे. तो बंद पडला तर काय, या धास्तीनं बॅकअपचं सॉफ्टवेअर बसवायला मी भाऊंना बोलावलं होतं. माणूस हुशार, आणि ते चारचौघांत सांगायला जराही न लाजणारा.

आधी सॉफ्टवेअर सुरूच होईना, मग दुसऱ्या डिस्कवर लिहायची परवानगी मिळेना. भाऊ मशीनशी भांडत होते, सेटिंग बदलत होते, मधूनच स्वतःला शाबासकी देत होते. शेवटी पडद्यावर हिरवी खूण आली. मी पेढे सांगायला उठले.

“थांबा ताई. झालं म्हंते ते. परत येते का पाहू.”

त्यांनी हिंगणीचं, अनसूयाबाईंच्या गाण्यांचं फोल्डर बॅकअपमधून परत मागवलं. फोल्डर आलं, आत काहीच नाही! देवनागरीत नाव असलेली प्रत्येक फाईल त्या सॉफ्टवेअरनं गुपचूप गाळली होती. मी म्हटलं, नावं इंग्रजीत करून टाकू. भाऊ भडकलेच. “काऊन? सॉफ्टवेअरसाठी अनसूयाबाईनं नाव बदलवाव का? मी सॉफ्टवेअर बदलवतो!” नवी आवृत्ती चढवली, पुन्हा बॅकअप, पुन्हा परत मागवणं... आणि संध्याकाळी हिंगणीच्या अनसूयाबाई स्पीकरमधून खणखणीत गायला लागल्या. “हाय का कोणी वर्ध्यात माह्यासारखा?” भाऊंनी विचारलं. नव्हतंच कोणी.

निघताना रेकॉर्डिंग सुरू करून, माइकसमोर वाकून ते बोलले, “येतो ताई, चहा ठेवजा.” त्या फाईलला नाव दिलं ‘येतो’. मग दर शनिवारी यायचे, बॅकअप नीट चालतोय का पाहायला ती फाईल पुसायचे आणि बॅकअपमधून परत आणायचे. मला दर वेळी धडकी भरायची. ते हसायचे. “पुसाची हिंमत नसन तं बॅकअप कायले घेतला?”

ते गेल्यानंतरचा शनिवार आला, आणि ‘येतो’ पुसायला मीच बसले. त्यांचा आवाज आमच्याकडे तेवढाच, त्या एका वाक्याचा. आमच्याकडे काम करणारी शुभांगी म्हणाली, “मॅडम, ही राहू द्या ना. दुसरी कोणतीही घ्या.” खरं सांगते, मलाही तेच वाटत होतं. डोळे भरून आले होते, माउसचं बटण दाबवत नव्हतं. पण जी गेली तरी चालेल अशी फाईल पुसून कसली परीक्षा होणार? आणि भाऊंचं काम पक्कं होतं, हे माझ्याइतकं कोणाला माहीत!

पुसली. परत मागवली. पट्टी हळूहळू भरत गेली... “येतो ताई, चहा ठेवजा.” मी आणि शुभांगी दोघी रडलो, आणि मग मी अनसूयाबाईंना मोठ्यानं लावलं.

आज पुन्हा शनिवार आहे. चहा ठेवलाय. पुसते आता.